पंगत आणि पक्ष : मराठवाड्यातील राहणी आणि राजकारण

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या बाजारात दोन माणसे समोरासमोर आली की पहिल्या शब्दातच बरेच काही कळून जाते. ‘रामराम’ हा सगळ्यांचा जुना शब्द. त्याच्या शेजारी आज ‘जय भीम’ आहे, ‘जय शिवराय’ आहे, ‘जय मल्हार’, ‘जय लहुजी’, ‘जय सेवालाल’ आहे. लिंगायत घरात ‘शरणार्थ’, माळकरी माणसाकडून ‘राम कृष्ण हरी’, मोहल्ल्यात ‘सलाम’. कापडाच्या पेढीवर बसणारा व्यापारी गिऱ्हाईक पायरीवर असतानाच त्याचा पेहराव पाहतो आणि ज्याचा नमस्कार त्याला करतो. ही त्याची दुकानदारी असते, पण तेवढीच नसते. कोणाचा नमस्कार कोणता हे त्याला पाठ असावे लागते, आणि चूक झाली तर ती समोरच्याला लागते.

यातले बरेच नमस्कार शंभर वर्षांपूर्वी नव्हते. महार माणसाने पाटलाला ‘जोहार’ घालायचा, आणि पाटलाने उलट जोहार घालायचा नाही, अशी रीत होती. ‘जय भीम’ रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. ते १९३९ साली, ऐन पस्तिशीत वारले. या अभिवादनाची खरी क्रांती त्याच्या उत्तरात आहे. जय भीमला उत्तरही जय भीमच. म्हणणारा आणि ऐकणारा एका पायरीवर येतात. पुढे मराठवाड्यात या दोन शब्दांसाठी माणसे मारली गेली. राहणी आणि राजकारण यांचा संबंध तपासायचा तर तो अशा लहान वाटणाऱ्या गोष्टींत तपासावा लागतो. नमस्कार, डोक्यावरचा कपडा, ताटातले अन्न, वस्तीचे नाव, मुलाचे नाव, जयंतीच्या मिरवणुकीतला रंग या त्या गोष्टी.

हा विषय आज जगभर अमेरिकेच्या संदर्भात बोलला जातो. रिपब्लिकन म्हणजे लाल आणि डेमोक्रॅट म्हणजे निळा ही रंगांची वाटणी तिथे पक्की झाली ती २००० सालच्या निवडणुकीनंतर. त्याआधी वाहिन्या कोणताही रंग कोणालाही देत. पण रंग ठरण्याआधी राहणीची वाटणी सुरू झाली होती. १९५० साली अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेने एक अहवाल काढला होता. त्यातली तक्रार अशी की दोन्ही पक्ष धड वेगळे नाहीत, मतदाराने निवडायचे कशातून? पुढच्या तीस वर्षांत ते चित्र पालटले. १९६२ साली सरकारी शाळांतील प्रार्थना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू डेमोक्रॅटिक पक्षातून बाहेर पडले. १९७३ साली गर्भपाताचा हक्क मान्य झाला, १९७९ साली जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ उभी केली. चर्चला जाणारा, बंदूक बाळगणारा, गावाकडे राहणारा गोरा माणूस एका बाजूला गेला. विद्यापीठाच्या शहरातला, उशिरा लग्न करणारा, पायी किंवा रेल्वेने कामाला जाणारा दुसऱ्या बाजूला.

बिल बिशप या पत्रकाराने २००८ सालच्या आपल्या पुस्तकात ही वाटणी नकाशावर मोजून दाखवली. १९७६ साली एकतर्फी निकाल देणाऱ्या काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, सुमारे २७ टक्के अमेरिकन मतदार राहत होते. २००४ साली ते प्रमाण ४८ टक्क्यांवर गेले. प्यू संशोधन केंद्राने २०१४ साली लोकांना विचारले की घर कसे हवे. ठाम उजव्या विचारांच्या दर चारांपैकी तिघांना मोठे, सुटे घर हवे होते, शाळा-दुकाने लांब असली तरी चालतील. ठाम डाव्या विचारांच्या तेवढ्याच लोकांना लहान घर चालत होते, पण शाळा आणि दुकान पायी जाण्याजोगे हवे होते. म्हणजे घराची निवड सांगितली की मत ओळखता येते. सर्वांत बोलका आकडा सोयरिकीचा आहे. मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केले तर वाईट वाटेल असे १९६० साली शंभरात चार-पाच अमेरिकन सांगत. २०१० साली रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश तसे सांगू लागले.

हा आकडा मराठवाड्यात ठेवून पाहिला की फरक लगेच दिसतो. इथे पक्षासाठी सोयरीक अडत नाही. एकाच वाड्यात भाऊ काँग्रेसचा, चुलत भाऊ भाजपचा, मेहुणा राष्ट्रवादीचा, आणि लग्नाच्या पंगतीत तिघेही वाढायला उभे, हे चित्र नांदेड-लातूरमध्ये कोणालाही नवे नाही. सोयरीक अडते ती जातीपाशी. पक्ष तर एकाच माणसाच्या आयुष्यात चार वेळा बदलतो. प्रताप पाटील चिखलीकर २०१४ साली शिवसेनेकडून आमदार झाले, २०१९ साली भाजपकडून खासदार, २०२४ साली राष्ट्रवादी काँग्रेसकडून पुन्हा आमदार. अशोक चव्हाण काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री, फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले. या बदलांमुळे कोणाच्या घरची भाजी बदलली नाही, कुलदैवत बदलले नाही, पाहुणे बदलले नाहीत.

अमेरिकेत पक्षाने राहणी वाटून घेतली. मराठवाड्यात राहणी आधीच वाटलेली होती, गावकुसाच्या आत आणि बाहेर, आळीआळीत, तांड्यात आणि वाडीत. पक्ष त्या वाटण्यांवरून फिरत आले. म्हणून इथल्या राजकारणातले खरे प्रसंग पक्षांतराचे नसतात. ज्या दिवशी एखादी रोजची गोष्ट, एखादे नाव, एखादे अन्न, एखादा दाखला, छावणीचे निशाण होते, तो दिवस खरा प्रसंगाचा. असे दिवस मराठवाड्याच्या इतिहासात मोजता येतात.

त्यातला पहिला निजामाच्या राज्यातला. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरकी आणि कायदासुद्धा उर्दूतून शिकवला जाई. नांदेडचा किंवा उदगीरचा जो मुलगा शिकला, तो उर्दूत शिकला, शेरवानी घालायला शिकला, अर्ज उर्दूत लिहू लागला. घरी आई मराठी बोलत होती आणि शिवेपलीकडचा पाहुणा कन्नड किंवा तेलुगू. ही सरमिसळ आजही बोलीत ऐकू येते. ‘काय करायलास’, ‘कुठं जायलाव’ हे मुखेड-लातूरचे बोलणे पुण्यातल्या वसतिगृहात ऐकले की लोक वळून पाहतात. सरमिसळीत कमीपणा नव्हता. कमीपणा होता तो स्वतःच्या भाषेत शाळा नसण्यात. म्हणून निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्याची पहिली फळी वाचनालये, खासगी मराठी शाळा आणि परिषदा यांतून उभी राहिली. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. १९३८ साली वंदे मातरम् गाण्यावरून विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि महाविद्यालयांतून काढले गेले. एक गीत म्हणायचे की नाही, हा तेव्हा शिक्षणाचा आणि पुढच्या आयुष्याचा प्रश्न झाला.

याच काळात धर्माने राहणीवर निशाण लावले. उदगीर-लातूर भागात आर्य समाजाचे जाळे होते. उदगीरचे भाई श्यामलाल १९३८ साली बिदरच्या तुरुंगात वारले. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा नेता कासिम रझवी लातूरला वकिली करत होता. दोघांच्या गावांत अंतर फार नाही. रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत सूड उलट्या दिशेने उगवला. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे नोंदवले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आजचा लातूर जिल्हा तेव्हाच्या उस्मानाबाद आणि बिदर जिल्ह्यांत होता. मुक्तिदिनाच्या भाषणांत पहिला अर्धा भाग दरवर्षी सांगितला जातो आणि दुसरा गाळला जातो. इतिहास सांगायचा तर दोन्ही सांगायला हवेत. त्या काळात टोपी, दाढी, शेरवानी, धोतर यांवरून माणसाचे मरण ठरत होते, आणि ती भीती दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या मनात पुढे पन्नास वर्षे राहिली.

दुसरा दिवस २७ जुलै १९७८. त्या दिवशी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. विद्यापीठ १९५८ साली स्थापन झालेले. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयातून दलित मुलांची पहिली मोठी शिकलेली पिढी बाहेर पडली होती. ठराव झाला आणि मराठवाड्याच्या गावांत घरे पेटली. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांनी फार सोसले. ज्यांनी विद्यापीठ कधी पाहिले नव्हते आणि ज्यांच्या घरात कोणी तिथे शिकणार नव्हते, त्यांच्यात हा दंगा झाला. म्हणजे प्रश्न विद्यापीठाच्या पाटीचा नव्हता. गावातला दलित माणूस मेलेले ढोर ओढायचे नाकारू लागला होता, येसकरकी सोडू लागला होता, स्वच्छ कपडे घालून तालुक्याला जाऊ लागला होता, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावू लागला होता. त्याच्या राहणीवरचा राग नावावर निघाला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची ४ ऑगस्ट १९७८ रोजी हत्या झाली. ते मातंग समाजाचे होते. ‘जय भीम’ सोडायला त्यांनी नकार दिला, अशी आठवण आजही गावोगाव सांगितली जाते. सुगावचे जनार्दन मवाडे यांचाही त्याच वणव्यात बळी गेला.

ठराव झाला पण नाव लागायला सोळा वर्षे लागली. १९७९ साली जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव झाले. आधीचे नाव काढले नाही, पुढे नवे जोडले, म्हणून त्याला नामांतराऐवजी नामविस्तार म्हटले गेले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले आणि त्याला मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव दिले गेले. ठरावाच्या वेळी आणि नामविस्ताराच्या वेळी मुख्यमंत्री एकच होते, शरद पवार. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्याच्या राजकारणाचा तळ बदलला. नामांतराला विरोध करणारी शिवसेना १९८५ नंतर मराठवाड्यात पसरली, आणि १९८८ साली तिने औरंगाबादला ‘संभाजीनगर’ म्हणायला सुरुवात केली. २०२३ साली ‘छत्रपती संभाजीनगर’ हे सरकारी नाव झाले. तोवर पस्तीस वर्षे, बस स्थानकावर तिकीट मागताना माणूस कोणते नाव घेतो यावरून त्याचा पक्ष, बहुधा धर्मही, वाहकाला कळत असे.

नाव हे निशाण, तसे अन्नही. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी आली. गायीची बंदी जुनीच होती, आणि बैलांची बंदी घालणारे विधेयक १९९५ सालीच मंजूर होऊन राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पडून होते. म्हशी-रेड्यांना सूट राहिली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. वर्तमानपत्रांत हा वाद श्रद्धा आणि स्वातंत्र्य यांचा म्हणून रंगला. मुखेड-कंधारच्या शेतकऱ्यासाठी तो आणखी एका गोष्टीचा होता.

हा मुलूख जनावरांचा आहे. गडद लाल रंगाची, डोळ्यांभोवती काळी कातडी असलेली, लांब कानांची लाल कंधारी इथली. दक्षिणेला उदगीर-देवणीकडे पांढऱ्या-काळ्या रंगाची देवणी, आणि तिच्यातही वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार गुराखी पोरगेही लांबून ओळखते. हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार, लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा, या ठिकाणी बैलजोडीचा सौदा उपरण्याखाली बोटे धरून होतो. त्या सौद्याचे एक टोक चांगल्या बैलाला होते आणि दुसरे टोक थकलेल्या बैलाला. दात पडलेला, औताला न चालणारा बैल कुरेशी व्यापारी घेई, आणि त्या पैशात थोडी भर घालून शेतकरी नवे खोंड आणी. २०१५ साली दुसरे टोक कापले गेले. ते वर्ष दुष्काळाचे होते. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. वैरण नाही, पाणी नाही, आणि थकलेला बैल विकताही येत नाही. पोळ्याला ज्याच्या पाया पडला, त्या बैलाला माळावर सोडून देण्याची पाळी आलेल्या शेतकऱ्याचे दुःख कोणत्याच बाजूच्या भाषणात नीट आले नाही. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजानेच गोरक्षकांच्या त्रासाला कंटाळून जनावरे घेणे थांबवले, तेव्हा हिंदू शेतकऱ्यांचे बाजार ओस पडले. दोघांची चूल एकमेकांत किती गुंतली आहे हे तेव्हा बाजारातल्या प्रत्येकाने पाहिले.

ताटाचा प्रश्न दलित वस्त्यांत आणखी खोल आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा असे सांगितले आणि असंख्य घरांनी ते सोडले. तो स्वाभिमानाचा निर्णय होता, कोणी वरून लादलेला नव्हता. शाहू पाटोळे यांच्या २०१५ सालच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाने मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ताचे, वशाटाचे पदार्थ, तेल नसताना फोडणी कशाची द्यायची याच्या युक्त्या. मराठी पाकशास्त्राच्या जाड पुस्तकांत यातले काहीही नव्हते. ‘मराठवाडी जेवण’ म्हणून हॉटेलांत जे वाढले जाते त्यातही नसते. कायद्याने एका ताटावर बंदी आली, आणि त्याच वर्षी ते ताट पहिल्यांदा इतक्या सविस्तर ग्रंथात आले, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या सगळ्याच्या उलट बाजूला वेळ अमावस्या आहे, इथल्या बोलीत येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या, कर्नाटकातून आलेला सण, लातूर-धाराशिव आणि नांदेडच्या सीमेवरच्या तालुक्यांत मोठा. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते मोकळे पडतात, कारण सगळे रानात असतात. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप उभारतात, चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात. अनेक भाज्या आणि शेंगांचे दाणे बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट भात, आणि मडक्यातली ताकाची आंबील. शेत नसलेल्याला बोलावणे हा या सणाचा नियम. शिक्षक, तलाठी, शिंपी, मुसलमान मित्र, ज्याचे शेत नाही तो कोणाच्या तरी कोपीसमोर बसतोच. मात्र गुणगान करताना हेही सांगावे लागते की शेत असलेला बोलावतो आणि शेत नसलेला जातो. पंगत एक असली तरी रान कोणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यावर लिहिलेले असते. भूमिहीन घराला बोलावणे मिळते, बोलावता येत नाही.

वस्तीचेही तसेच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाट्या अनेक ठिकाणी बदलल्या. नवे नाव ऐकूनही कोणती वस्ती हे लगेच समजते, कारण वस्ती जागची हललेली नाही. अमेरिकेत माणसे घर बदलून आपल्यासारख्यांत राहायला गेली. मराठवाड्यात माणसाला जन्मतःच आपल्यासारख्यांत राहावे लागते.

मग मतदान वस्तीप्रमाणे होते का? पुष्कळ वेळा होते, पण वस्ती आपले मत कोणाच्याही खुंटीला कायमचे बांधत नाही. नांदेड महापालिकेत २०१२ साली एमआयएमने ८१ पैकी ११ जागा जिंकल्या. हैदराबादच्या या पक्षाचा महाराष्ट्रातला तो पहिला मोठा प्रवेश होता. पाच वर्षांनी त्याच शहरात त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही, काँग्रेसला ७३ मिळाल्या. २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीच्या यशपाल भिंगे यांनी दीड लाखाहून अधिक मते घेतली आणि अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजारांनी पडले.

सर्वांत शिकवणारा निकाल २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाचा आहे. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेची निवडणूक एकाच दिवशी झाली. मुखेड, देगलूर, नायगाव, भोकर, नांदेड उत्तर आणि नांदेड दक्षिण, या लोकसभा मतदारसंघातले सहाही विधानसभा मतदारसंघ भाजपप्रणीत महायुतीने जिंकले. लोकसभा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांनी जिंकली. त्याच खोलीत, त्याच दिवशी, हजारो माणसांनी दोन यंत्रांवर दोन वेगळ्या बाजूंची बटणे दाबली. अमेरिकेत गेल्या काही दशकांत असे मतदान सतत घटत गेले, कारण तिथे पक्ष माणसाच्या ओळखीला चिकटला. नांदेडच्या मतदाराने उमेदवार, जात, सहानुभूती, योजना आणि सोय यांचा हिशेब यंत्रागणिक वेगळा केला. यात गोंधळ नव्हता. त्याला आपण कोण हे पक्के माहीत आहे, म्हणून पक्ष बदलायला तो भीत नाही.

मात्र गावच्या रोजच्या व्यवहारात २०२३ पासून हा मोकळेपणा आकसतो आहे. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचे आंदोलन मनोज जरांगे यांच्याभोवती गोळा झाले. २०२४ च्या लोकसभेत मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी महायुतीला एकच मिळाली. आंदोलनाची मागणी कागदावर साधी दिसते. निजामकाळच्या नोंदींत मराठवाड्यातला मराठा शेतकरी कुणबी लिहिला आहे, म्हणून त्याला ओबीसी आरक्षण मिळवून देणारा कुणबी दाखला द्यावा. पण गावात त्याचे परिणाम राहणीवर झाले. मराठ्यांच्या गळ्यातला भगवा गमछा आणि ओबीसींच्या गळ्यातला पिवळा गमछा समोरासमोर आले. काही गावांत एकमेकांच्या दुकानातून माल न घेण्याच्या शपथा झाल्या. न्हावी, सुतार, किराणा दुकानदार, हॉटेलवाला, ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या बलुत्याचा किंवा उधारीचा संबंध होता, त्यांची जात गिऱ्हाईक नव्याने विचारू लागले. मोबाइलच्या स्टेटसवर कोणाचा फोटो ठेवला यावरून मैत्र्या तुटल्या. अमेरिकेतल्या सोयरिकीच्या आकड्याची आठवण इथे होते. तिथे भिंत पक्षाची होती, इथे ती जातीची होतीच, आता तिच्यावर झेंडा लागला आहे. मराठवाड्याला या क्षणी सर्वांत जपावी लागणारी गोष्ट उधारीची वही आहे. जात न पाहता तिच्यात नाव लिहिले जाते तोवर गाव शाबूत असते.

हाच प्रश्न दलित समाजातही आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी, अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीच्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल असा निर्णय दिला. नांदेड जिल्ह्यात मातंग समाज मोठा आहे. पोचीराम कांबळे मातंग असून जय भीमसाठी गेले, ही आठवण आणि आरक्षणातल्या वेगळ्या वाट्याची मागणी आज एकाच वस्तीत शेजारी राहतात.

२ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदी कुणबी दाखल्यासाठी वापरण्याचा निर्णय काढला. त्यानंतर थोड्याच दिवसांत बंजारा समाजाने त्याच गॅझेटियरचा आधार घेऊन अनुसूचित जमातीत समावेश मागितला. मुखेड आणि कंधारच्या बालाघाट डोंगररांगेत तांडे दाट आहेत. मुखेडचे विधानसभेतले प्रतिनिधित्व २०१४ पासून याच समाजाकडे आहे. म्हाताऱ्या बायांच्या अंगावर अजून आरशांची कांचळी आणि फेटिया दिसतात, घरात गोरबोली चालते, नवस पोहरादेवीला फेडले जातात.

१९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा देगलूर तालुक्यातली जुक्कल आणि बिचकुंदा ही मंडळे तेलुगू बाजूला गेली, आज ती तेलंगणात आहेत. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके बिदरमधून मराठी बाजूला आले, बाकीच्या बिदरचा बराचसा भाग आजच्या कर्नाटकात गेला. तांड्यांच्या सोयरिकी या रेषांनी थांबल्या नाहीत. मुखेडच्या तांड्यातली मुलगी औरादकडे दिली जाते, जुक्कलकडची सून इकडे येते. तीनही बाजूंना बोली तीच, सेवालाल महाराज तेच, होळीचे नाच तेच. पण मुखेडला राहिलेला भाऊ विमुक्त जातीच्या यादीत आहे, औरादला दिलेल्या बहिणीची मुले कर्नाटकात अनुसूचित जातीत मोडतात, आणि जुक्कलच्या मामाची नातवंडे १९७६ च्या कायद्यापासून अनुसूचित जमातीत. दिवाळीला सगळे एका तांड्यात जमतात, आणि जेवण झाल्यावर मुलांच्या फी आणि दाखल्यांच्या गोष्टी निघतात, तेव्हा एकाच गोतावळ्यातल्या तीन मुलांसमोर तीन वेगळे अर्ज असतात.